पदर, अंबाडा आणि हेडसेट

लोकांच्या डोक्यावर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट चढवायचा आणि मग ते काय करतात ते बघत बसायचं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. कार्डावर ‘यूएक्स रिसर्चर’ असं छापलं आहे. भुकूममध्ये मात्र ‘त्या ताई चष्मा लावायला बोलावतात आणि वर पैसे देतात’ एवढीच माझी ओळख आहे, आणि कामाचं वर्णन म्हणून ती कार्डापेक्षा स्पष्ट आहे.

आधी मी हिंजवडीत बँकांची आणि विमा कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासायचे. माणूस संगणकासमोर बसायचा, मी त्याच्या शेजारी. माऊस कुठे अडतो, कोणतं बटण त्याला दिसतच नाही, कुठे कपाळावर आठी पडते, हे टिपून घ्यायचं. २०१६ मध्ये मार्चला ऑक्युलस रिफ्ट आणि एप्रिलला एचटीसी व्हाइव्ह बाजारात आले. आमच्याकडेही एक संच आला आणि ‘हेही तूच तपास’ म्हणून माझ्या टेबलावर ठेवला गेला. पुढे नोकरी सुटली, घर भुकूमला झालं आणि तळमजल्यावरचा हॉल रिकामा करून मी तिथेच चाचण्या घ्यायला लागले.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव आणि मग भुकूम. इथल्या खाटपेवाडीकडून राम नदी निघते आणि पुण्याकडे जाते. मी रोज उलट्या दिशेने माणसं गोळा करते. भूगावच्या कोंडीत अडकलेले शहरातले ग्राहक नेहमी उशिरा पोहोचतात, एवढं सोडलं तर माझ्या कामाला याहून सोयीची जागा नाही. पलीकडे पिरंगुटचे कारखाने आहेत. अजून टिकून असलेल्या भातखाचरांत राबणारी घरं आहेत. टाउनशिपमधले आयटीवाले आहेत आणि त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाणाऱ्या बायका आहेत. लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस आणि फ्लेममध्ये शिकणारी मुलं आहेत. जगभरातले व्हीआरचे बहुतेक प्रयोग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर होतात, कारण ते हाताशी असतात. माझ्या हाताशी सगळेच आहेत.

व्हीआर नवं नाही. आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा १९६८ मध्येच बनवला होता. तो इतका जड होता की छतावरून टांगावा लागे. तो डोक्यावर पेलण्याइतका हलका आणि परवडण्याइतका स्वस्त व्हायला पुढची चाळीस-पन्नास वर्षं गेली. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ हेडसेट काढला. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओने फोन अडकवून सामना बघायचा जिओडाइव्ह १२९९ रुपयांना विकला. ठाण्याची अज्नालेन्स ही कंपनी तर कौशल्य प्रशिक्षणासाठी स्वतःचे हेडसेट बनवते. यंत्र हातात आलं. ते वापरणारा माणूस मात्र कुणी नीट बघितलेला नव्हता, निदान आपल्याकडचा.

पडद्यावरचं सॉफ्टवेअर तपासण्यात आणि हे तपासण्यात फरक असा की पडद्यासमोर माणसाचे डोळे आणि एक बोट कामाला असतं. हेडसेट घातला की मान, कंबर, गुडघे, तोल, पोटातलं जेवण, नेसलेलं लुगडं, सगळंच चाचणीत उतरतं. त्यामुळे जुन्या पद्धती मला एकेक करून मोडाव्या लागल्या.

पहिली मोडली ती प्रश्नावली. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेलं ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ आमच्या धंद्यात सर्रास वापरतात. दहा विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एक विधान कौतुकाचं, पुढचं तक्रारीचं, असा तो आलटून पालटून क्रम. हिशेब करून १०० पैकी गुण निघतात. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण सगळीकडे ५ ला गोल करायचे. ताईंनी बोलावलं, चहा दिला, मानधन दिलं, आता कमी गुण कसे द्यायचे? सगळीकडे ५ दिले की सूत्रानुसार उत्तर बरोबर ५० येतं. म्हणजे अहवालात ‘मध्यम’. प्रत्यक्षात ते माझ्या पाहुणचाराचे गुण होते, उत्पादनाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तोंडी विचारलं तरी तेच. ‘कसं वाटलं?’ ‘छान आहे.’ ‘काही त्रास?’ ‘नाही, छान आहे.’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या वरच्या ओठावर घाम असतो आणि एक हात मागे खुर्ची चाचपत असतो. मग मी ‘आवडलं का’ हा प्रश्न कायमचा बंद केला. त्याऐवजी दोघींना जोडीने बोलावते, शक्यतो शेजारणी किंवा एकाच लाइनवर काम करणाऱ्या. एकीने हेडसेट घालायचा, दुसरीने टीव्हीवर तिला काय दिसतंय ते बघायचं. ‘अगं, तिकडं नको जाऊ, ते लाल काय ते दाब.’ ‘दाबतेय की, दबत नाही मेलं.’ मला विचारून जे कधी मिळालं नसतं ते या दोघींच्या भांडणात मिळतं. माझ्याशी त्या सौजन्याने वागतात, एकमेकींशी खरं बोलतात.

त्रासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण व्हीआर पुन्हा कधी न घालण्याचं मोठं कारण तेच असतं. डोळे सांगतात आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण उभे आहोत. या विसंगतीने मळमळतं, डोकं जड होतं. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं अभियंते सांगतात. तेवढं सांभाळूनही कृत्रिम चाल त्रास देते. १९९३ मध्ये केनेडी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या विमान-सिम्युलेटरवरच्या माहितीतून सोळा लक्षणांची यादी केली. ती आजही वापरतात. मी ती हेडसेट घालण्याआधी आणि काढल्यावर, अशी दोनदा भरून घेते. आधी भरून घेतली नाही तर फसगत होते. रात्रपाळी करून आलेल्या मुलाचे डोळे आधीच चुरचुरत असतात, ते खापर हेडसेटवर फुटतं. उपवासाच्या दिवशी मी सत्रच ठेवत नाही. आषाढी एकादशी, संकष्टी, नवरात्र हे माझ्या संशोधनाच्या वेळापत्रकात आधी लाल होतात, मग बाकीच्या तारखा ठरतात.

तरी यादीपेक्षा माझा भरवसा खुणांवर जास्त. माणूस वारंवार आवंढा गिळतो. बोलता बोलता गप्प होतो. पाय फाकवून उभा राहतो. जांभई देतो. यातलं काही दिसलं की मी थांबवते. तो ‘चालू द्या’ म्हणाला तरी. उपाय फार नाहीत, पण आहेत. कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवलं की चालताना चित्राच्या कडा हळूच काळ्या केल्या तर त्रास कमी होतो, आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही. मी बनवणाऱ्यांकडे त्याचा आग्रह धरते. त्याहून जास्त आग्रह असतो तो खोली लहान ठेवण्याचा: दृश्य एवढंच करा की माणूस स्वतःच्या पायांनी चालून ते पुरं करील.

हेडसेट बनवणाऱ्यांनी कुठलं डोकं समोर ठेवलं होतं, हे मला इथल्या बायकांनी शिकवलं. मागचा पट्टा बरोबर अंबाड्यावर येतो. पट्टा खाली घेतला की पुढचा भाग गालावर घसरतो आणि चित्र अंधूक होतं. वर घेतला की गजऱ्याचा चुरा. टिकली फोमला चिकटून जाते आणि पुढच्या बाईच्या कपाळावर निघते. नथ किंवा मोठी चमकी असली तर नाकाची कड टोचते. खोबरेल तेलाने फोम महिन्याभरात काळा पडतो. यावर काही मोठं संशोधन लागलं नाही. धुता येणारी कापडी आवरणं शिवून घेतली, टिकल्या काढून चिकटवायला एक आरसा ठेवला आणि मागच्या पट्ट्याला मधे फट असलेला प्रकार शोधला, त्यातून अंबाडा बाहेर राहतो.

डोळ्यांतल्या अंतराचं मात्र असं चिंध्या जोडून भागलं नाही. दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि भिंगं त्याप्रमाणे सरकवावी लागतात. आम्ही बराच काळ वापरलेल्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये तीनच जागा होत्या: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. ज्यांचं अंतर ५८ हून कमी, त्यांनी काय करायचं? बायकांना व्हीआरचा त्रास जास्त होतो हे पूर्वी सहज बोललं जायचं, जणू दोष बायकांच्या प्रकृतीचाच. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तपासलं तेव्हा मुख्य कारण हेच निघालं की भिंगं त्यांच्या डोळ्यांच्या मापाला बसत नव्हती. ते वाचल्यावर मी चष्म्याच्या दुकानात असते तशी अंतर मोजायची पट्टी घेतली. आता येणाऱ्या प्रत्येकाचं माप आधी लिहिलं जातं, आणि एखादीला गरगरलं तर पहिली बघते ती वहीतली ती नोंद.

आमच्याच मुळशी तालुक्यातल्या एका आजींचं सत्र माझ्या कामाला वळण देणारं ठरलं. त्यांना एक वाडा दाखवायचा होता. पर्यटनासाठी केलेलं साधं दृश्य. घातल्या घातल्या त्यांनी वाड्याकडे बघितलंच नाही. मान खाली घातली आणि म्हणाल्या, ‘पोरी, माझं पाय कुठं गेलं?’ दृश्यात शरीरच नव्हतं. नुसते हवेत तरंगणारे दोन हात. तरुण मुलं हे खेळांमुळे गृहीत धरतात, म्हणून आजवर कुणी विचारलं नव्हतं. आजी पुढे एक पाऊल टाकायला तयार होईनात. पाय दिसत नाहीत तर टाकायचं कशावर? बनवणाऱ्यांनी नंतर पाय घातले, तेही आजी जमिनीवर मांडी घालून बसल्यावर पोटातून उगवल्यासारखे दिसायचे, कारण यंत्राने माणूस उभा किंवा खुर्चीवर असेल एवढंच धरलं होतं. तेव्हापासून माझा एक कॅमेरा फक्त कमरेखालचं टिपतो. डोकं यंत्राने झाकलेलं असतं, चेहऱ्यावरचं वाचता येत नाही, पायांवरचं येतं. बिचकलेला माणूस टाच उचलतो, विश्वास बसलेला माणूस वजन दोन्ही पायांवर टाकतो.

हे सगळं कसाला लागलं ते आगीच्या प्रशिक्षणाच्या कामात. ७ जून २०२१ ला इथून जवळच उरवड्याच्या एका रासायनिक कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. बहुतेक महिला होत्या. त्यानंतर मुळशीत आगीचं प्रशिक्षण हा कागदावरचा विषय राहिला नाही. काही काळाने एका ग्राहकाने कारखान्यांसाठी व्हीआरमधलं प्रशिक्षण बनवायला घेतलं आणि तपासायला मला बोलावलं. पहिली आवृत्ती दिसायला उत्तम होती. धूर, ठिणग्या, सायरन. कामगाराने अग्निशामक उचलायचा, पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीउजवीकडे फिरवायचं आणि मग दाराने बाहेर पडायचं.

जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एक मावशी. धूर भरायला लागला तसा त्यांनी डाव्या हातातला कंट्रोलर सोडून दिला, तो मनगटाच्या दोरीला लोंबकळला, आणि पदर नाकातोंडाशी धरला. खराखुरा पदर, माझ्या हॉलमधल्या स्वच्छ हवेत. मग उजव्या हाताने त्या अग्निशामक शोधू लागल्या. पण बनवणाऱ्याने पिन ओढायला दोन हात ठरवले होते. डावा हात पदरावर गुंतलेला, त्यामुळे पिन निघेना आणि पडद्यावर लाल अक्षरांत सूचना येत राहिली. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, ‘काय नाय ओ, खोटंच होतं ना सगळं. छान आहे.’

मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये मांडलं होतं की समोरचं खरं नाही हे माहीत असूनही माणूस खऱ्यासारखं वागतो, आणि व्हीआरची कसोटी तीच धरावी. हे मी वाचलेलं होतं. त्या पदराने ते दाखवलं. मावशींना ते दहा प्रश्न विचारले असते तरी यातलं काही सापडलं नसतं. पुढे बाकीच्या बायकांतही तेच दिसत गेलं. कुणी पदर, कुणी ओढणी, कुणी नुसता तळवा. मग बनवणाऱ्यांना सांगितलं की धुरात माणसाचा एक हात तोंडावरच असणार असं धरा आणि उरलेल्या हाताने काय जमतं ते शिकवा. पिनेचं तंत्र धूर चढायच्या आधी, मोकळ्या दोन हातांनी शिकवायचं. धूर दाट झाला की आग विझवण्याचा नाद सोडून खाली वाकून बाहेर पडायचं. बदलला तो प्रशिक्षणाचा क्रम. चित्र होतं तसंच राहिलं.

दुसरं कळलं ते कारखान्यात जाऊन बसल्यावर. आमच्या दृश्यात कामगार एकटाच होता आणि सगळ्यात जवळचं दार आपत्कालीन दार होतं. माझ्या हॉलमधल्या चाचणीत बायका त्या दाराकडे न जाता ज्या दाराने दृश्यात शिरल्या तिकडेच वळायच्या, आणि मधेच थांबून ‘बाकीच्या कुठंयत?’ विचारायच्या. ग्राहकाला वाटलं दाराची पाटी मोठी करावी. शॉपफ्लोअरवर गेल्यावर पाटीचा प्रश्न नाही हे कळलं. बायका एकाच गाडीने येतात, एकाच दाराने आत जातात, चपला तिथे काढतात, डबा आणि मोबाइलही तिथल्याच कपाटात. आपत्कालीन दार त्यांनी कधी उघडलेलंच नव्हतं. जोनाथन साइम यांनी १९८० च्या दशकात आगीतून वाचलेल्यांच्या जबान्यांवरून हेच मांडलं होतं: संकटात माणूस जवळच्या दाराकडे जात नाही, तो ओळखीच्या माणसांकडे आणि ओळखीच्या दाराकडे जातो. म्हणून दृश्यात सहकारी आले. प्रशिक्षणाची सुरुवात आपत्कालीन दाराने आत येण्यापासून झाली. आणि माझ्या अहवालात एक शिफारस व्हीआरबाहेरची होती: रोज सुटी होताना त्याच दाराने बाहेर सोडा. तिला खर्च शून्य होता आणि माझ्या मते साऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा तिचा उपयोग जास्त.

वजनाचं तसंच. पावडरचा सहा किलोचा अग्निशामक सिलिंडरसकट नऊ-दहा किलो भरतो आणि पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. कंट्रोलरचं वजन जेमतेम मोठ्या मोबाइलइतकं. व्हीआरमध्ये सगळ्या जणी झाशीच्या राणीसारख्या नळी फिरवायच्या. मग आम्ही रिकामा सिलिंडर आणून त्यावर ट्रॅकर बांधला. आता तो उचलायलाच वेळ लागायला लागला, आणि ‘आपल्याला हे पेलत नाही, आपण बाहेर पळायचं’ हा शहाणपणाचा निर्णय काही जणींनी दृश्यातच घेतला. प्रशिक्षणातून मिळालेला तो सगळ्यात उपयोगी धडा होता, आणि मूळ आवृत्तीत त्याला ‘नापास’ धरलं जात होतं.

एक बाई धूर दिसताच हेडसेट काढून खाली बसल्या. त्यांनी खरी आग जवळून पाहिली होती. कुठली, ते मी विचारलं नाही. सत्राआधी काय दिसणार ते सांगायचं, कधीही न विचारता काढून टाकायची मोकळीक द्यायची आणि अर्धवट सोडलं तरी मानधन पुरं द्यायचं, हे नियम माझ्याकडे पहिल्यापासून आहेत. त्या दिवशी त्यांचा अर्थ कळला. व्हीआर जितकं खरं, तितकं ते दुखवू शकतं. तेव्हापासून आगीच्या सत्राआधी मी प्रत्येकीशी हेडसेट न दाखवता थोडं बोलून घेते, आणि नको वाटणाऱ्यांना शेजारी बसून टीव्हीवर बघायचं काम देते.

काही अडचणी कंटाळवाण्या असतात, पण त्यांनी काम थांबतं. देवनागरी ही त्यातली एक. खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. ते दुरुस्त केलं तरी हेडसेटमध्ये एका अंशात वीसेक ठिपके मावतात. चांगली नजर साठापर्यंत वेगळे ओळखते. इंग्रजी त्यात निभावून जातं. मराठीत अनुस्वार गळतो आणि ‘घ’चा ‘ध’ होतो. मी आता सूचना आवाजात द्यायला सांगते, आणि लिहायचंच असेल तर एका वेळी तीन शब्द. आयआयटी मुंबईच्या आयडीसीतून आलेला ‘स्वरचक्र’ कळफलक आठवतो: व्यंजनाला बोट लावलं की भोवती बाराखडी उमटते. आपल्या लिपीचा विचार करूनच तो रचलेला आहे, बाहेरून आणून मराठी केलेला नाही. व्हीआरमध्ये असं काम अजून व्हायचं आहे.

दुसरी अडचण मुळशीचा पाऊस. हेडसेटच्या बाहेरचे कॅमेरे खोली बघून जागा ओळखतात. जुलैत दुपारी तीनला संध्याकाळ होते, वीज जाते आणि यंत्र ‘खोली सापडत नाही’ म्हणून हात वर करतं. भिंगांवर वाफ धरते. उलट एप्रिलमध्ये खिडकीतून भिंगावर थेट ऊन पडलं तर आतला पडदा कायमचा जळतो. इन्व्हर्टरवरचे दिवे, जाड पडदे आणि भिंतीवर ठळक नक्षीची चार कॅलेंडरं, ही माझ्या प्रयोगशाळेची महत्त्वाची सामग्री आहे.

ऑगमेंटेड रिअॅलिटीचं, म्हणजे खऱ्या वस्तूवर चित्र उमटवण्याचं, काम मी कमी केलं, पण त्यातही एक फिटर दादा गुरू भेटले. फोन यंत्राकडे धरला की कुठला नट आधी सोडायचा हे यंत्रावरच बाणाने दिसायचं. प्रात्यक्षिकात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दादांनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात पाना घेतला, मग लक्षात आलं की नट धरायला तिसरा हात लागतो. त्यांनी फोन दातात धरला. त्यावर त्यांचाच तोडगा होता: ‘मॅडम, हे चित्र असंच थांबवता येईल का? खाली ठेवून बघत बघत करतो.’ एक ‘थांबव’ बटण आलं आणि ते सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण ठरलं. खरी वस्तू आणि चित्र सतत जुळलेलं राहावं ही बनवणाऱ्याची हौस होती. दादांना फक्त हात मोकळे हवे होते.

एवढं सगळं शोधून काढलं तरी ते बनवणाऱ्यांच्या गळी उतरवणं हे वेगळंच काम. लांबलचक अहवाल कुणी वाचत नाही. मी दोन मिनिटांची चित्रफीत दाखवते, चेहरे झाकून, आणि काही बोलत नाही. पदराची ती चित्रफीत मी अगदी सुरुवातीच्या बैठकीत लावली तेव्हा एक तरुण अभियंता ‘या बाईंना नीट समजावलं नव्हतं का?’ म्हणाला. दुसरी बाई, तिसरी बाई, तेच. चौथ्या वेळी त्याने स्वतःच वहीत काहीतरी खरडलं. शक्य असेल तेव्हा मी अशा मुलांना भुकूमला बोलावते आणि मागच्या खुर्चीवर बसवते. बोलायचं नाही, मदत करायची नाही. स्वतः बनवलेल्या गोष्टीशी एखादी मावशी झगडताना बघणं आणि तोंड बंद ठेवणं, याइतकं जलद शिक्षण दुसरं नाही.

कधी कधी माझा सल्ला ‘व्हीआर करूच नका’ असा असतो. हात धुण्याच्या सवयीसाठी हेडसेट नको, नळाशी एक चित्र लावा. खरा अग्निशामक मैदानात चालवून बघता येत असेल तर तो आधी चालवा. जे प्रत्यक्षात करणं धोक्याचं, महाग किंवा अशक्य आहे, तिथे व्हीआरला जागा आहे. धुराने भरलेला हॉल हे त्याचं योग्य उदाहरण. असं सांगून काही कामं गेली. पण राहिलेल्या ग्राहकांचा विश्वास वाढला, असं माझं निरीक्षण आहे.

आता शाळा, आयटीआय, कारखाने हेडसेट घ्यायला लागले आहेत आणि मला विचारतात, कुठला चांगला? मॉडेल दर वर्षी बदलतं, त्याचं उत्तर मी देत नाही. विकत घेण्याआधी एक दिवस मागून आणा, एवढं सांगते. तुमच्याकडच्या सगळ्यात वयस्क बाईला घालायला द्या, जाड चष्मा असलेल्या फिटरला द्या आणि रात्रपाळी करून आलेल्या पोराला द्या. घातल्यावर हातापायांकडे बघा. काढल्यावर ते ‘छान आहे’ म्हणतील. तेव्हा चहा पाजा, मानधन द्या, आणि महिन्याने पुन्हा बोलावून विचारा की आग लागली तर कुठल्या दाराने जाल. उत्तर देताना बोट योग्य दाराकडे गेलं, तर खुशाल विकत घ्या.